रेल्वेचे विलीनीकरण आणि कामगारांचे सेवासंरक्षण

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास गोवा, कर्नाटक आणि केरळ या भागधारक राज्यांनी संमती दिल्यानंतर मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही आपला होकार कळवला. त्यासोबत दोन अटी जाहीर झाल्या. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे ही एक, आणि राज्याने गुंतवलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत ही दुसरी. नाव आणि भांडवल या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्याच. परंतु दोन रेल्वे एक होतात तेव्हा तिसरीही एक गोष्ट टांगणीला लागते, ती म्हणजे तेथे राबणाऱ्या माणसांची नोकरी. सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत धरायची, बदली किती दूरवर करता येईल, एकाच कामाची दोन कार्यालये असतील तर बंद कोणते होणार आणि तेथील कारकुनाने जायचे कुठे, हे प्रश्न विलीनीकरणाच्या बातमीत सहसा शेवटच्या परिच्छेदालाही येत नाहीत.

या प्रश्नांचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. तेथील रेल्वे बहुतांशी खासगी कंपन्यांच्या मालकीची राहिली आणि गेली शंभर वर्षे या कंपन्या एकमेकींत मिसळत आल्या. भारतात या विषयावरील कायद्याचे मूळ सोलापूर जिल्ह्यातील एका अरुंद रुळांच्या रेल्वेत सापडते. दोन्हीकडचा इतिहास वेगळ्या वाटांनी गेला, तरी दोन्हीकडे अखेर एकच प्रश्न न्यायालयांपुढे आला: संरक्षण द्यायचे ते नोकरीला, की नोकरी गेल्यावर हाती पडणाऱ्या रकमेला?

मंदीच्या काळातील करार

१९२० मध्ये अमेरिकेच्या रेल्वेत वीस लाखांहून अधिक माणसे कामाला होती. महामंदीत, १९३३ पर्यंत, हा आकडा दहा लाखांच्या आत आला. कंपन्या डबघाईला आलेल्या, आणि खर्च वाचवण्याचा सरकारला दिसणारा मार्ग एकत्रीकरणाचा. एकाच शहरात दोन कंपन्यांची दोन स्थानके, दोन यार्ड, दोन इंजिनशेड आणि मालाची दोन बुकिंग कार्यालये असत. एकत्रीकरण म्हणजे त्यांतील एक बंद करणे. अशा बचतीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कामगारांच्याच पदरातून निघतो, ही गोष्ट पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केली.

१९३३ च्या आणीबाणी रेल्वे वाहतूक कायद्याने जोसेफ ईस्टमन यांना संघीय समन्वयक नेमले. कामगार संघटनांच्या दबावामुळे याच कायद्यात एक कडक कलम आले. समन्वयाच्या नावाखाली कोणत्याही रेल्वेतील कामगारसंख्या मे १९३३ च्या पातळीखाली नेता येणार नव्हती. मृत्यू, निवृत्ती आणि राजीनामे यांमुळे होणारी घट तेवढी मान्य होती, आणि तीही वर्षाला पाच टक्क्यांपर्यंतच. परिणाम असा झाला की समन्वयाच्या योजना कागदावरच राहिल्या. माणसे कमी करता येत नसतील तर दोन यार्डांचे एक करण्यात कंपन्यांना रस उरला नाही. कामगारांच्या दृष्टीने हे सर्वांत भक्कम संरक्षण होते, पण कायदाच तात्पुरता असल्याने जून १९३६ मध्ये त्याची मुदत संपणार होती.

मुदत संपत आली तेव्हा संघटनांनी नव्या कायद्याचे विधेयक पुढे रेटले आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन्ही पक्षांना आपसांत समझोता करण्याचा आग्रह केला. त्यातून २१ मे १९३६ रोजी देशातील बहुतेक मोठ्या रेल्वे कंपन्या आणि वीस राष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात 'वॉशिंग्टन नोकरी संरक्षण करार' झाला. आजवरच्या सर्व रेल्वे कामगार संरक्षणाचा पाया हाच करार आहे.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. एकत्रीकरण करण्यापूर्वी किमान ९० दिवसांची लेखी सूचना द्यायची आणि ती कामाच्या जागी फलकावर लावायची. कोणत्या रेल्वेचे किती लोक नव्या व्यवस्थेत घ्यायचे, हे संघटनांशी करार करून ठरवायचे. ज्याला खालच्या पगाराच्या कामावर जावे लागेल, त्याला जुन्या आणि नव्या पगारातील फरक पाच वर्षांपर्यंत द्यायचा. हा विस्थापन भत्ता. ज्याचे काम पूर्णच जाईल, त्याला आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी कमाईच्या ६० टक्के रक्कम दरमहा मिळे. एक वर्षाची नोकरी असेल तर सहा महिने, आणि पंधरा वर्षे झाली असतील तर साठ महिने, अशी सेवेच्या काळाप्रमाणे ती चढत जाई. महिन्याच्या भत्त्याऐवजी एकरकमी पैसे घेऊन सेवा सोडण्याची मुभा होती. गाव बदलावे लागल्यास सामान हलवण्याचा खर्च आणि घर पडत्या भावाने विकावे लागल्यास त्याचे नुकसानही कंपनीच्या माथी होते.

घराच्या नुकसानीचे हे कलम कोणा वकिलाला सुचले असेल असे वाटत नाही. रेल्वेची शेड बंद झाली की त्या गावातल्या घरांना गिऱ्हाईक मिळत नाही, हे त्याच गावात राहणाऱ्याला ठाऊक असते.

'वाईट स्थिती' म्हणजे काय?

करार हा करार. त्याला कायद्याचे बळ हवे होते. ते १९३९ च्या लोडन खटल्याने मिळाले. विलीनीकरणाला परवानगी देताना कामगारांच्या संरक्षणाची अट घालण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कामगारांना न्याय्य वागणूक मिळाली नाही तर रेल्वेची सेवाच सुरळीत चालणार नाही, म्हणून हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, असा त्यामागील विचार होता. जी गोष्ट आयोगाच्या अधिकारात होती ती १९४० च्या वाहतूक कायद्याने त्याचे कर्तव्य झाली. विलीनीकरणानंतर चार वर्षे कोणाही कामगाराची नोकरीविषयक स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होता कामा नये, अशी भाषा कायद्यात आली.

ही भाषा तडजोडीची होती. आयोवाचे प्रतिनिधी व्हिन्सेंट हॅरिंग्टन यांनी मांडलेल्या मूळ दुरुस्तीत विलीनीकरणामुळे एकही नोकरी जाऊ नये असे म्हटले होते. दोन्ही सभागृहांच्या समितीत तिला चार वर्षांची मर्यादा पडली आणि 'वाईट स्थिती' हा शब्दप्रयोग अर्थ लावणाऱ्यांवर सोडला गेला. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, ईरी आणि लॅकवाना या दोन रेल्वे एक झाल्या तेव्हा रूळमार्ग दुरुस्ती करणाऱ्या गँगमनांच्या संघटनेने तोच प्रश्न न्यायालयात नेला. कायद्याला प्रत्यक्ष नोकरी टिकवणे अभिप्रेत आहे, असे त्यांचे म्हणणे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. कामगाराला ठरलेल्या काळापर्यंत भरपाई मिळाली की कायद्याचे समाधान होते, प्रत्यक्ष काम मिळालेच पाहिजे असे नाही, हा निर्णय आजही कायम आहे.

न्यायालयात जे मिळाले नाही ते काही संघटनांनी वाटाघाटीत मिळवले. आयोगापुढे विलीनीकरणाला विरोध करण्याची त्यांची ताकद कंपन्यांना महाग पडत होती. विरोध मागे घेण्याची किंमत म्हणून कंपन्या अधिक देऊ लागल्या. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोन बलाढ्य रेल्वेंनी १९६४ मध्ये संघटनांशी जो करार केला, त्यात त्यांच्या कामगारांना जवळजवळ आजन्म नोकरीची हमी होती. कामगारसंख्या निवृत्ती आणि मृत्यू यांमुळे आपोआप कमी होईल तेवढीच करायची, असे ठरले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी 'पेन सेंट्रल' अस्तित्वात आली आणि २१ जून १९७० रोजी तिने दिवाळखोरी पत्करली. तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

या पतनाचा दोष कामगार कराराला देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. प्रवासी गाड्यांचा तोटा, एकमेकांशी न जुळणाऱ्या हिशेबयंत्रणा आणि दोन जुन्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांमधील वैर यांनी ही रेल्वे आधीच पोखरली होती. मात्र हमीची मर्यादा या प्रसंगाने उघडी पडली. आजन्म नोकरीचे वचन देणारी कंपनीच उरली नाही, तर ते वचन वसूल करायचे कोणाकडून? अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. १९७३ च्या कायद्याने ईशान्येकडील बुडालेल्या रेल्वे एकत्र करून 'कॉनरेल' उभी केली आणि तिच्या कामगारांच्या संरक्षणासाठी २५ कोटी डॉलरची तरतूद केली. कॉनरेल १ एप्रिल १९७६ रोजी सुरू झाली. हा निधी अंदाजापेक्षा फार लवकर संपला आणि १९८१ मध्ये मासिक हमीची जागा मर्यादित एकरकमी भरपाईने घेतली.

ब्रुकलिनच्या धक्क्यावरून आलेल्या अटी

आज अमेरिकेत लागू असलेल्या अटींना 'न्यू यॉर्क डॉक अटी' म्हणतात. नाव भारदस्त वाटते. ज्या प्रकरणात त्या १९७९ मध्ये ठरल्या ते मात्र ब्रुकलिनच्या बंदरावरील दोन चिमुकल्या रेल्वेंचे होते. या अटींनी संरक्षणाचा काळ सहा वर्षे केला. ज्याची नोकरी सहा वर्षांहून कमी झालेली असेल, त्याला जेवढी वर्षे नोकरी तेवढेच संरक्षण. काम गेलेल्याला आता ६० टक्के नव्हे, आधीच्या बारा महिन्यांच्या कमाईची पूर्ण मासिक सरासरी मिळते. पुराव्याचा भारही महत्त्वाचा आहे. आपल्यावर कोणत्या व्यवहाराचा परिणाम झाला एवढे कामगाराने दाखवायचे; नुकसान दुसऱ्याच कारणाने झाले असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. उलट बाजूने, सेवाज्येष्ठतेच्या बळावर मिळू शकणारे अधिक पगाराचे काम कामगाराने गाव न बदलता मिळत असूनही नाकारले, तर तेवढी रक्कम त्याच्या भत्त्यातून वजा होते.

या संरक्षणाची दुसरी धार १९९१ मध्ये दिसली. नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या रेल्वे १९८२ मध्ये एका मालकीखाली आल्या होत्या. काही वर्षांनी कंपनीने व्हर्जिनियातील रोअनोक येथील नियंत्रण कक्षाचे काम जॉर्जियातील अटलांटा येथे हलवायचे ठरवले. गाड्यांचे नियंत्रण करणारे हे कर्मचारी, ज्यांना आपल्याकडे कंट्रोलर म्हणतात, त्यांचा कंपनीशी सामूहिक करार होता. अटलांटात तो लागू राहणार नव्हता. संघटना न्यायालयात गेली. विलीनीकरणाला मंजुरी मिळाली की ते पार पाडण्यासाठी कंपनीला 'इतर सर्व कायद्यां'तून सूट मिळते, अशी तरतूद होती; सामूहिक करार पाळण्याचे बंधनही त्या सुटीत येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे ज्या चौकटीने सहा वर्षांचा भत्ता दिला, तिनेच जुना करार बाजूला सारण्याची वाटही दिली. अटींनुसार वाटाघाटी जमल्या नाहीत तर लवाद निर्णय देतो, आणि संप हा पर्याय तेथे उरत नाही. अमेरिकी संघटनांची सर्वांत कडवट तक्रार याच मुद्द्यावर आहे.

संरक्षण चुकवण्याचे मार्गही निघाले. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे उद्योग बराच मोकळा केला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपले छोटे फाटे नव्याने स्थापन झालेल्या कंपन्यांना विकायला सुरुवात केली. अशा विक्रीला विलीनीकरणाच्या अटी लागू करायच्या नाहीत असे धोरण आयोगाने १९८० च्या दशकाच्या मध्यात घेतले आणि छोट्या रेल्वेंचे पेव फुटले. १९९५ मध्ये आयोगाच्या जागी भूपृष्ठ वाहतूक मंडळ आले. त्या वेळच्या कायद्याने सर्वांत छोट्या रेल्वेंच्या आपसांतील विलीनीकरणांना संरक्षणातून वगळले.

आकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. पहिल्या श्रेणीच्या मोठ्या रेल्वेंत १९८० मध्ये सुमारे ४ लाख ५८ हजार माणसे होती, १९९० मध्ये सुमारे २ लाख १६ हजार. ही सगळी घट विलीनीकरणाची नाही; गाडीमागचा ब्रेकयान गेला, गाडीवरील माणसे कमी झाली, तंत्र बदलले. पण संरक्षण होते ते त्या वेळी कामावर असलेल्या माणसाला. त्याच्या पदाला नव्हते. तो निवृत्त झाला की पद त्याच्यासोबत जाई, आणि त्या गावातील पुढच्या पिढीसाठी ती जागा पुन्हा निघत नसे.

अमेरिकेत आज पहिल्या श्रेणीच्या सहाच रेल्वे उरल्या आहेत. त्यांपैकी युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी जुलै २०२५ मध्ये विलीनीकरणाचा प्रस्ताव जाहीर केला आणि जुनाच डाव पुन्हा मांडला गेला. गार्ड-कंडक्टरांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्मार्ट-टीडी या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी आजन्म नोकरीची हमी मिळवून समझोता केला; इंजिनचालक आणि रूळमार्ग कामगारांच्या, टीमस्टर्सशी संलग्न असलेल्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या.

बार्शी लाइटचा खटला

अमेरिकेत संरक्षण आधी ठरते आणि विलीनीकरण मागून येते. भारतात क्रम उलटा झाला, आणि त्याचे निमित्त ठरली बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही अडीच फुटी रुळांची रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. वारकऱ्यांची गाडी म्हणून तिची आठवण अजून निघते. कंपनी इंग्लंडमधील होती आणि ठरलेल्या वेळी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारकडे होता. डिसेंबर १९५२ मध्ये रेल्वे बोर्डाने कंपनीला नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे सरकार ताब्यात घेणार. नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने कामगारांना कळवले की ३१ डिसेंबरच्या दुपारपासून सर्वांची सेवा संपेल. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार मध्य रेल्वेत घेण्याच्या विचारात आहे, अटी नंतर ठरतील.

'अटी नंतर ठरतील' या तीन शब्दांत सगळे आले. प्रत्यक्षात सुमारे ७७ टक्के लोकांना जुन्याच वेतनश्रेणीवर घेतले गेले. सुमारे २३ टक्के लोक काहीशा खालच्या श्रेणीत गेले; त्यांचा चालू पगार घटला नाही, पण पुढची वाढ जिथे थांबणार ती रेषा खाली आली. कंपनीतील वर्षानुवर्षांची सेवा तर तुटलीच होती. म्हणून कामगारांनी कंपनीकडे कपातीची भरपाई मागितली. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये नुकतीच तशी तरतूद झाली होती. वेतन प्राधिकाऱ्यापुढे ६१ अर्ज गेले आणि ते फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयात कामगार जिंकले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे या प्रकरणासोबत बडोद्यातील एका बंद पडलेल्या गिरणीचे प्रकरणही ऐकले गेले.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी घटनापीठाने निकाल दिला. कपात म्हणजे चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे. उद्योगच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. म्हणून भरपाई नाही. कायद्याच्या शब्दांना धरून पाहिले तर निकाल तर्कशुद्ध होता. नोकरी गमावलेल्याला मात्र हा फरक उमगणे कठीण.

संसदेने काही महिन्यांत पाऊल उचलले. एप्रिल १९५७ मध्ये अध्यादेश आणि मग दुरुस्ती कायदा आला, आणि कलम २५ एफएफला त्याचे परिचित रूप मिळाले. उद्योग हस्तांतरित झाला तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीप्रमाणेच, म्हणजे दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी एकत्र व्हाव्या लागतात: सेवेत खंड पडू नये, नव्या मालकाकडील अटी पूर्वीपेक्षा कमी नसाव्यात, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी सेवा धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद त्याच आशयाने आहे.

दुरुस्ती लागू झाली ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या खटल्यामुळे कायदा बदलला, त्या बार्शी लाइटच्या कामगारांना त्यातून काहीच मिळाले नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मर्यादा सांगितली: या कलमाखाली कामगाराला भरपाईचा हक्क आहे, नव्या मालकाकडे नोकरी मागण्याचा नाही. अमेरिकी न्यायालय आदल्याच वर्षी ज्या निष्कर्षाला आले होते, तेथेच भारतीय न्यायालयही पोहोचले.

मडगावच्या फलाटावर

कोकण रेल्वेचे प्रकरण या दोहोंहून निराळे आहे, कारण येथे विकणारा आणि घेणारा दोन्ही बाजूंना प्रामुख्याने सरकारच आहे. जुलै १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा भागभांडवलाचा मूळ ढाचा होता. कोणाला उद्या कामावरून काढले जाईल, अशी स्थिती नाही. प्रश्न बार्शीतील त्या २३ टक्क्यांसारखा आहे: पगार तोच राहिला तरी श्रेणी, ज्येष्ठता आणि बदलीचे क्षेत्र कोणते?

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत हा सुमारे ७४० किलोमीटरचा एकच मार्ग आहे. उत्तरेला त्याला मध्य रेल्वे भिडते, दक्षिणेला दक्षिण रेल्वे, आणि मडगावला दक्षिण पश्चिम रेल्वेचा वास्को-कुळे मार्ग येऊन मिळतो. विलीनीकरणानंतर हा मार्ग अखंड राहिला तर पेडण्याच्या पॉइंट्समनची ज्येष्ठता रत्नागिरी-कारवारच्या सहकाऱ्यांसोबतच मोजली जाईल. तो शेजारच्या झोनांत वाटला गेला, तर मडगावचा कर्मचारी हुबळी विभागाच्या यादीत जाईल आणि त्या यादीत तो कितव्या क्रमांकावर बसतो यावर त्याची पुढची बढती ठरेल. या मार्गासाठी ज्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या, त्यांना महामंडळाने भरतीत प्राधान्य दिले आहे. भारतीय रेल्वेची भरती देशपातळीवरील मंडळांमार्फत होते. तेथे या प्राधान्याचे काय होणार, हे हस्तांतराच्या दस्तऐवजात लिहिलेले असेल तरच ठरेल. अमेरिकी व्यवस्थेत अशा कागदाला 'अंमलबजावणी करार' म्हणतात, आणि त्यावर सह्या झाल्याशिवाय एकाही यार्डाचे कुलूप बदलायचे नाही, असा त्यातील क्रम आहे.